बँकेला दाखवा बाहेरचा रस्ता

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना ओघात लिहून गेले होते, की व्हीपीएन चालू असताना बँकेचं ॲप अडत असेल तर त्या ॲपला व्हीपीएनमधून वगळा. वगळायचं कसं, हे लिहायचं राहिलं. त्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यापायी इतके ईमेल आले, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : ताई, मी मिरजेत एकटी राहते. मुलगा नेदरलँड्समध्ये असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने माझ्या सॅमसंगवर व्हीपीएन टाकून दिलं, वर्षाचे पैसेही भरले. म्हणाला, आई, हे कायम चालू ठेव. तेव्हापासून वर किल्लीचं चित्र दिसतं. परवा मंडईत दीडशे रुपयांची भाजी घेतली, क्यूआर स्कॅन केला, तर ॲप म्हणतं व्हीपीएन बंद करा. ते कुठून बंद करायचं, हे तिथे उभ्या उभ्या आठवेना. मागे चार माणसं खोळंबलेली. भाजीवाली म्हणाली, ‘असू द्या मावशी, उद्या द्या.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगा म्हणतो, यादीतून भारताचा सर्व्हर निवड. निवडला, तरी तेच. गॅसचं बुकिंग करतानाही पैसे भरायच्या पानावर गाडी अडते. दर वेळी बंद-चालू करत बसू का? आणि बंद केलं तर पैशांना धोका आहे का?
— निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : बाई, आधी सांगा, भाजीवालीचे दीडशे दिलेत ना?

व्हीपीएन म्हणजे तुमच्या फोनपासून दूरच्या एका कॉम्प्युटरपर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत, खणलेला बोगदा. फोनमधून निघालेलं सगळं त्यातून जातं आणि पलीकडच्या तोंडातून बाहेर पडतं. बँकेला दिसतं ते पलीकडचं तोंड. मिरजेच्या बाई अचानक ॲमस्टरडॅमहून दीडशे रुपये पाठवायला लागल्या, तर बँकेचा पहारेकरी हटकणारच. काही ॲप्स एवढीही वाट बघत नाहीत, फोनवर बोगदा आहे एवढं कळलं तरी दार लावून घेतात.

भारताचा सर्व्हर निवडायचा मुलाचा सल्ला एके काळी बरा होता. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने आदेश काढला, की व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, त्यांना दिलेले आयपी पत्ते (इंटरनेटवर फोन ज्या क्रमांकाने ओळखला जातो तो) ही माहिती ५ वर्षं सांभाळून ठेवायची. व्हीपीएन कंपन्यांना तो २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. त्याआधीच एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातली आपली यंत्रं काढून घेतली. आता अशा यादीत ‘इंडिया’ दिसलं, तरी यंत्र बऱ्याचदा सिंगापुरात किंवा आणखी कुठे असतं, भारताचा असतो तो नुसता आयपी पत्ता. म्हणजे मिरजेच्या मंडईतला निरोप सिंगापूरला वळसा घालून मुंबईच्या बँकेत. शिवाय तो पत्ता जिओ-एअरटेलच्या साध्या गिऱ्हाइकाचा नसून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा आहे, हेही बँकेला ओळखता येतं.

तेव्हा सर्व्हर बदलत बसू नका. बँकेच्या ॲपला बोगद्यात पाठवूच नका. या सोयीचं नाव ‘स्प्लिट टनेलिंग’. अँड्रॉइडमध्ये ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे तुमच्या फोनवर नक्की असणार. ती सापडते मात्र फोनच्या सेटिंग्जमध्ये नाही, व्हीपीएनच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये. मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि शोधा. तिथे दोन प्रकारच्या याद्या मिळतात. एक, ‘ही सोडून बाकी सगळी ॲप्स बोगद्यातून’. दुसरी, ‘फक्त हीच बोगद्यातून, बाकी सगळी मोकळी’. अँड्रॉइड एका वेळी दोन्हींपैकी एकच यादी मानतं. काही व्हीपीएन ॲप्स पहिलीच यादी देतात, तसं असेल तर इलाज नाही.

आता माझं मत. जो तो पहिल्या यादीपासून सुरुवात करतो. आज बँक वगळली, उद्या गॅस, परवा एसटीचं तिकीट, मग वीजबिल, मग औषधांचं दुकान. यादी लांबतच जाते आणि दर वेळी कुठेतरी रांगेत उभं असतानाच कळतं की एक नाव राहिलं. तुमच्यासाठी दुसरी यादी. त्यात दोनच नावं घाला, एक ईमेल आणि एक ब्राउझर. बाकी सगळं बाहेर.

ब्राउझर कोणता, यालाही महत्त्व आहे. तुमच्या गॅसच्या बुकिंगचं मला असं वाटतं. काही ॲप्स पैसे भरायचं पान स्वतःच्या पोटात उघडतात. ते पान त्या ॲपच्याच रस्त्याने जातं. काही मात्र ते क्रोमच्या हवाली करतात. दिसायला तुम्ही त्याच ॲपमध्ये असता, फक्त वर फुलीचं चिन्ह आणि वेबसाइटचा पत्ता असलेली बारीक पट्टी येते. ते पान क्रोमच्या रस्त्याने जातं. म्हणजे गॅसचं ॲप बाहेर ठेवलं आणि क्रोम बोगद्यात राहिलं, तर बुकिंग मिरजेतून आणि पैसे ॲमस्टरडॅमहून. म्हणून क्रोम मोकळं ठेवा. बोगद्यासाठी वेगळा फायरफॉक्स टाकून घ्या आणि लॉजच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर वाचायचं-शोधायचं असेल तेव्हा तो वापरा.

झाल्यावर तपासून बघा. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधून तीच एक साइट उघडा. फायरफॉक्समध्ये परदेशी गाव दिसलं आणि क्रोममध्ये तुमच्या सिमकार्डाच्या कंपनीचं नाव, म्हणजे यादी लागली.

पैशांच्या धोक्याचं. बँकेचं ॲप आणि बँक यांच्यातलं बोलणं आधीच कुलूपबंद असतं, व्हीपीएन असो वा नसो. बाहेरच्या रस्त्याने गेलात तर इंटरनेट पुरवणाऱ्याला फार तर कळेल की हा फोन अमुक बँकेच्या सर्व्हरशी बोलला. किती पैसे, कुणाला, पिन काय, हे कळत नाही. ओटीपीचा एसएमएस तर व्हीपीएनच्या वाटेला कधी जातच नाही, तो मोबाइलच्या टॉवरवरून येतो. तेव्हा भाजी निवांत घ्या.

एक खड्डा मात्र चुकवा. मी स्वतः त्यात पडलेय. सासूबाईंच्या फोनवर मी हौसेने अशीच यादी करून दिली होती. मग स्वारगेटला शिवनेरीच्या रांगेत त्यांचं तिकिटाचं ॲप म्हणायला लागलं, इंटरनेट नाही. शेजारी ब्राउझर छान चालतोय, व्हॉट्सॲपवर नातवाचे फोटो येताहेत, आणि वगळलेली तेवढी ॲप्स ठप्प. मी आधी नेटवर्कला नावं ठेवली, मग ॲप काढून पुन्हा टाकलं, फोन दोनदा बंद-चालू केला. शेवटी सासूबाईंनी खिडकीवर रोख पैसे देऊन तिकीट काढलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. घरी आल्यावर सापडलं. सेटिंग्जमधल्या व्हीपीएनच्या पानावर नावाशेजारच्या दातेरी चक्रावर बोट ठेवलं की दोन बटणं दिसतात, ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’. दुसरं मीच कधीतरी चालू करून ठेवलं होतं. त्याचा अर्थ, बोगद्याबाहेर कुणालाही पाऊल टाकू द्यायचं नाही. वगळलेल्या ॲपला बोगदा बंद आणि बाहेरही बंदी. मुलाने तुमच्याकडे ते बटण चालू केलंय का, हे यादी करायच्या आधी बघा.

प्रश्न : तुम्ही सांगितल्याप्रमाणे बँकेचं ॲप वगळलं. दोन ब्राउझर घेऊन तपासलं, यादी बरोबर लागली आहे. तरी एक बँक ऐकत नाही, दुसरी बँक चालते. हा काय प्रकार?
— वाचक, चिंचवड

उत्तर : तुमची यादी बरोबर आहे आणि बँकही तिच्या जागी बरोबर आहे. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला फोनवर टाकतानाच एक क्रमांक देतं, १०००० पासून पुढचा. डेटा निघाला की तो कोणत्या क्रमांकाच्या ॲपचा हे बघून रस्ता ठरतो. वगळलेल्या क्रमांकाला साधा रस्ता. तुमच्या दुसऱ्या बँकेचं ॲप एवढंच बघतं, की मला कोणता रस्ता मिळाला? साधा. झालं, चला.

पहिल्या बँकेचं ॲप चौकस आहे. ते आपला रस्ता बघून थांबत नाही, फोनवर एकूण कोणकोणते रस्ते आहेत याचीही यादी मागवतं. त्यात ‘टन झीरो’ अशा नावाचा एक निघतो. तो व्हीपीएनचा. आपण त्यावरून जात नसलो तरी घरात तो आहे, एवढं त्या ॲपला पुरतं. यावर साधा इलाज एकच. पैसे पाठवण्यापुरता बोगदा बंद करायचा. वरची पट्टी खाली ओढली की जे चौकोन येतात, त्यांत व्हीपीएनचं बटण आणून ठेवा, दोन सेकंदांचं काम. व्हीपीएन लपवून देणारी ॲप्स मिळतात, पण बँकेला फसवायला फोनची कुलपं-कड्या काढायची मला हौस नाही, तुम्हीही करू नका.

यादी बदलल्यावर ते ॲप एकदा ‘फोर्स स्टॉप’ करून उघडा. जुनं जोडलेलं कनेक्शन काही वेळा तसंच लोंबकळत राहतं.

प्रश्न : नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. ऑफिसने माझ्या स्वतःच्या फोनवर त्यांचं व्हीपीएन टाकायला लावलं. आता माझं व्हॉट्सॲप, बँक, इन्स्टाग्राम सगळं साहेबांना दिसतं का? मी ही ॲप्स वगळू शकतो का?
— वाचक, नाशिक

उत्तर : आधी बघा, ऑफिसची ॲप्स वेगळ्या कप्प्यात आहेत का. त्यांच्या आयकॉनवर छोटी बॅग असते. त्याला ‘वर्क प्रोफाइल’ म्हणतात आणि व्हीपीएन त्या कप्प्यात असेल, तर तुमच्या खासगी ॲप्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. काही वगळायचीही गरज नाही.

बॅग नसेल, व्हीपीएन तुमच्याच बाजूला असेल, तर खासगी ब्राउझरमध्ये आयपी दाखवणारी ती साइट उघडा. घरच्या ब्रॉडबँडचं नाव आलं, तर बोगद्यातून फक्त ऑफिसच्या आतल्या पत्त्यांकडे जाणारं काम जातंय. ॲप कुठलंही असो, पत्ता ऑफिसचा असेल तरच बोगदा. ऑफिसचं नाव आलं, तर सगळं तिकडून जातंय. तेव्हाही व्हॉट्सॲपचे मेसेज वाचता येत नाहीत, बँकेचा पिन दिसत नाही. पण फोन केव्हा, कुठल्या सर्व्हरशी, किती वेळ बोलला याची नोंद होते. मी बावीस वर्षं एका कंपनीच्या नेटवर्कच्या खुर्चीत काढली. खरं सांगते, कोण इन्स्टाग्रामवर किती वेळ असतो हे बघत बसायला आम्हाला सवड नव्हती. नोंद मात्र होत होती, आणि कुणाची चौकशी लागली की ती उघडली जात होती.

वगळणं तुमच्या हातात असेलच असं नाही. ऑफिसने ती सोय बंद केलेली असू शकते. ती चालू असली तरी आयटीवाल्यांना विचारून करा. ‘वर्क प्रोफाइल करून द्या’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवा. त्यांनाही ते सोयीचं पडतं, तुमचा इन्स्टाग्राम त्यांनाही नकोच असतो. आणि संध्याकाळी काम संपलं की व्हीपीएन बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही, ते अगदीच विसरू नका.

प्रश्न : आयफोनवर ही यादी कुठे असते? अर्धा दिवस शोधतेय.
— वाचक, ठाणे

उत्तर : शोधणं थांबवा. ॲपल ही ॲपनिहाय निवड फक्त ऑफिसने किंवा संस्थेने ताब्यात घेतलेल्या फोनांना देतं, तुमच्या-माझ्या फोनला नाही. जुगाड एक आहे. ‘शॉर्टकट्स’मध्ये ऑटोमेशन करायचं, अमुक ॲप उघडलं की व्हीपीएन बंद आणि ते ॲप मिटलं की चालू. पण व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ‘कनेक्ट ऑन डिमांड’ चालू असेल, तर तुम्ही बंद केलेलं ते पुन्हा उठून बसतं. आधी ते बटण बंद करा. शिवाय असं बंद केलं की सगळ्याच फोनचं बंद होतं, एका ॲपचं नाही.

प्रश्न : फुकटच्या व्हीपीएनमध्ये पण वगळायची सोय आहे. मग पैसे कशाला भरायचे? मी बँक वगळली, बाकी सगळं आत.
— कॉलेज विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुम्ही फक्त बँकेला वाचवलंत. बोगदा ज्याचा, त्याला आतून जाणाऱ्यांची सगळी वर्दळ दिसते. इंटरनेट कंपनीपासून लपवलेलं तुम्ही व्हीपीएनवाल्याच्या पुढ्यात नेऊन ठेवता. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली होती. तिचं व्हीपीएन फुकट होतं, जाहिरात माहिती सुरक्षित ठेवण्याची, आणि लोक कोणती ॲप्स किती वापरतात ही माहिती फेसबुककडे जात होती. ते ॲप २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून गेलं, २०१९ मध्ये गूगलच्या. त्या जाहिरातीपायी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच, दोन उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. तेव्हा फुकटचं वापरायचंच असेल, तर ‘फक्त हीच’ यादी करा आणि तिच्यात एकच ॲप ठेवा, ज्यासाठी ते घेतलंय तेवढंच.

प्रश्न : दुबईत असतो. घरी आईशी व्हॉट्सॲप कॉल व्हीपीएनशिवाय लागत नाही. व्हॉट्सॲप आत ठेवून भारतातल्या बँकेची ॲप्स बाहेर काढायची आहेत. यादी सांगा.
— वाचक, दुबई

उत्तर : बँकेचं अर्धं उत्तर सोपं आहे. व्हीपीएन बंद ठेवा. आणि अनिवासी खात्याला यूपीआय जोडायला भारतातलं सिम लागतं असं वाटत असेल, तर जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १० देशांच्या मोबाइल नंबरांना परवानगी दिली, त्यात अमिरातीचा नंबर आहे. तुमच्या बँकेने ती सोय सुरू केली आहे का, ते विचारा.

व्हॉट्सॲपचं अर्धं उत्तर मी देणार नाही. अमिरातीत व्हीपीएन मुळात बेकायदा नाही, बँका आणि कंपन्या ते वापरतात. पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला, तर २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात कैद आहे आणि दंड ५ लाख ते २० लाख दिरहम आहे. बंद केलेली कॉलची सेवा तशी वापरणं त्यात कितपत बसतं, हे दुबईच्या वकिलाला विचारायचं, पुण्याच्या बाईला नाही. तिथे परवाना असलेलं बोटिम हे कॉलचं ॲप आहे, ते आईच्या फोनवर टाकून द्या. आईंना सवय व्हायला आठ दिवस लागतील, तेवढे कुरकुर ऐका.

प्रश्न : व्हीपीएन चालू केलं की फोनवरचा यूट्यूब टीव्हीवर टाकता येत नाही, प्रिंटरही सापडत नाही. दोन्ही घरातच आहेत!
— वाचक, डोंबिवली

उत्तर : घरातच आहेत, पण फोन त्यांना बोगद्यापलीकडे शोधतोय. टीव्ही आणि प्रिंटर यांचे पत्ते बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारे असतात. ते घरापुरतेच चालतात. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क’ला परवानगी देणारं बटण असतं, ते आधी चालू करा. वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनच्या ॲपमध्ये ‘एक्स्क्लूड प्रायव्हेट आयपीज’ अशी चौकट आहे, तिथे टिचकी मारा. तेवढ्याने भागलं नाही, तर यूट्यूब, गूगल होम आणि प्रिंटरचं ॲप वगळा. गाडीत विनातारेचं अँड्रॉइड ऑटो जोडलं जात नसेल तर तेही.

प्रश्न : माझ्या फोनचं हॉटस्पॉट बायको लॅपटॉपला लावते. मी वगळलेली ॲप्स तिच्याकडेही वगळलेली राहतात का?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : अँड्रॉइडवर हॉटस्पॉटने दिलेलं इंटरनेट साधारणपणे तुमच्या बोगद्यातून जातच नाही. वहिनींचा लॅपटॉप आधीपासून बाहेरच्याच रस्त्याने फिरतोय.